भिजत घोंगडं

डोरीन अक्रॉइड पहिल्यांदा माझ्या खिडकीशी आली
तेव्हा तिच्या पिशवीत लोकर होती,
न धुतलेली, तेलकट, काट्याकुसळांसकट.
मेंढीचा वास सगळ्या रांगेत फिरून आला.
"डोंगरावरचे लोक ही जाळतात," ती म्हणाली,
"कातरायची मजुरीसुद्धा सुटत नाही त्यांची.
मला हिची पांघरुणं करायचीत.
माणसांची नव्हे, भिंतींची."

मी हॅलिफॅक्सच्या नगरपालिकेत, परवाने, टेबल चार.
ती अठ्ठावीस वर्षं गालिच्यांच्या गिरणीत,
मग गिरणीच राहिली नाही.

मी तिला पर्यावरणवाल्यांकडे धाडलं.
ते म्हणाले, हा कचरा; कचऱ्याचा परवाना आणा.
व्यापारवाले म्हणाले, हा तर माल;
मालाला कचऱ्याचा परवाना कशाला?
अग्निशमनने विचारलं, पेटते का?
पाणीवाल्यांनी विचारलं, धुतल्यावर तेल कुठे जाणार?
कर्जवाल्यांनी सांगितलं, ह्या चौघांच्या सह्या आणा,
पैसे तयार आहेत.
खरंच तयार होते. तीन वर्षं तयारच होते.

आमच्या भाषेत ह्याला भिजत घोंगडं म्हणतात.
तिला अर्थ सांगितला, तर ती हसली नाही.
"लोकर पुष्कळ पाणी पिते," म्हणाली,
"आणि तरी हाताला कोरडी लागते.
तुमची खाती तशी आहेत.
आत किती साठलंय, वरून कळत नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं काही नाही.
लागली. पण सकाळी ऑफिसात
रेडिएटर बंद, पाय गारठलेले,
आणि मी पाच पत्रं लिहिली.
पाचांवर एकच तारीख, एकच वेळ.
ठिकाण : बंद गिरणीचं कॅन्टीन. कोट घालून यावं.

आले. पाच फायली, पाच क्रमांक,
आत एकच बाई.
नझाकत हुसेनने लायटर काढून लोकरीखाली धरला.
केस जळल्याचा वास आला, एक काळी गुठळी झाली
आणि लोकर आपली आपण विझली.
"तरी रीतसर चाचणी लागेलच," तो म्हणाला.
कॉलेजची ग्लेनिस पिकल्स, जिला मी सहज बोलावलं होतं,
म्हणाली, "भट्टी आमच्याकडे आहे.
शुक्रवारी रिकामी असते.
कुणी विचारलंच नव्हतं."
पाण्याचे ग्रीनवुड बोट चोळत बसले होते.
"हे तेल मलमात घालतात. बायकोच्या हाताला लावायला
मी हेच विकत आणतो."
"मग कचरा उरतो कुठे?" पर्यावरणाचा थिओ हळूच म्हणाला,
जणू त्याचंच काही हरवलं होतं.

सगळं असं सुरळीत नाही झालं.
पत्राच्या माथ्यावर कुणाचं चिन्ह,
ह्यावर चाळीस मिनिटं गेली.
डोरीनने तोवर दोनदा चहा केला.
शेवटी कोऱ्या कागदावर लिहिलं.
सह्या मात्र एकाखाली एक, गर्दीने,
बसथांब्यावर उभं राहावं तशा.

परवाना सहा महिन्यांचा मिळाला, प्रायोगिक.
सरकारी काम आणि सहा महिने थांब,
ही म्हण मी तिला सांगितली नाही.
पहिल्या सदतीस गुंडाळ्या कुठे जाव्यात?
आमच्याच छतात.
आता तिच्याकडे तिघं कामाला आहेत,
त्यात लोकर कातरणाऱ्या एकाची मुलगी.
डोंगरावर धूर कमी दिसतो म्हणतात,
मी पाहिलेला नाही.

कागदोपत्री ती लोकर अजून कचराच आहे.
तो शब्द बदलायचा तर लंडनला जावं लागतं.
थिओ दर महिन्याला पत्र धाडतो
आणि खाली आम्हा सगळ्यांची नावं घालतो.
ओलं घोंगडं जड असतं,
पिळताना दुसऱ्या टोकाला कुणी तरी लागतंच.

हवा दमट असली की टेबल चारवर
वरून किंचित मेंढीचा वास उतरतो.
रांगेतले लोक छताकडे पाहतात.
मी शिक्का मारते,
आणि माझे पाय गरम असतात.